काटकसर टाकीत नको! (गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरच्या निमित्तानं)



मागं एकदा मी वडिलांच्या पॅटर्नच्या कामाबद्दल लिहिलं होतं. फौंड्रीत ओतकाम करायच्या आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावा लागतो, तो करणारे आमचे वडील. ते वाचून बऱ्याच जणांनी विचारलं, त्यांची हत्यारं आता कुठं आहेत हो? तर ती टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्येच आहेत. रंधे, गोल पटाशा, लाकडी शिकंजा, सगळं जागेवर आहे. शेजारी माझी १९८१ साली नंबर लागून मिळालेली बजाज चेतक उभी आहे. रिटायर झाल्यावर माझा निम्मा दिवस तिथंच जातो. बँकेत सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या मशिनरीची कोटेशनं वाचली, आता स्वतःच्या हातानं दोन वस्तू करून बघतो, एवढंच.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेले दोन महिने आमच्या घरात 'कॉम्प्रेसर' हा विषय चालला होता. हवेचा कॉम्प्रेसर, पंक्चरवाल्याकडं असतो तो. चेतकला नवा रंग द्यायचा होता, गणपतीच्या मखराला रंग मारायचा होता, लाकडाच्या भुशानं भरलेलं गॅरेज झाडायचं होतं. मुलीचा मुलगा आमच्याकडंच राहून मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो, त्याला तर हवेवर चालणारी सगळीच हत्यारं पाहिजेत. आमची ही म्हणाली, "अहो, सत्तरी उलटली, आता ह्यो भोंगा कशाला घरात?" पण विषय काही थांबेना.

आणि मग एके दिवशी नातू धावतच आला. "आजोबा, एक भारी डील आहे! उद्यमबागमध्ये एक वर्कशॉप बंद होतंय. तीन एचपीचा, पट्ट्याचा, १६० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आठ हजारांत देतायत. नवा घेतला तर चाळीसच्या पुढं जाईल."

आठ हजार! कुठल्याही बँकवाल्याचे कान टवकारतील असा आकडा. पण मी म्हटलं, नको. तो हिरमुसला. "का?" म्हणाला. त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय, कारण आपल्यातल्या पुष्कळ घरांत आता रिटायर माणसं आणि हौशी पोरं गॅरेजमध्ये असले उद्योग करतात. चांगली गोष्ट आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथं बेळगावात सायकलच्या दुकानापासूनच सुरुवात केली होती, किर्लोस्करवाडी पुढं १९१० ची. तेव्हा घरच्या वर्कशॉपला हसू नये. फक्त पैसे कुठं वाचवायचे आणि कुठं वाचवायचे नाहीत, हे कळलं पाहिजे.

आधी माझी चूक

१९८३ साली सुशिक्षित बेरोजगारांसाठी स्वयंरोजगाराची सरकारी योजना आली होती, जुन्या बँकवाल्यांना आठवत असेल. कर्जाची मर्यादा २५ हजार. मी तेव्हा तिशीतला ऑफिसर. एक मॅट्रिक झालेला पोरगा माझ्याकडं आला. त्याला हायवेच्या कडेला पंक्चर आणि टायरचं दुकान टाकायचं होतं. कागदपत्रं चोख, बोलणं नम्र. अडचण एकच, त्याची सगळी कोटेशनं मिळून आकडा मर्यादेच्या तीनेक हजार वर जात होता.

मी लाल पेन घेतलं आणि कॉम्प्रेसरच्या ओळीवर रेघ मारली. म्हटलं, "बाकी सगळं बँक देते. कॉम्प्रेसर तू सध्या जुना बघ, तुझ्या पैशातनं. धंदा लागला की नवा घे." मला वाटलं, मी त्याचं काम केलं. प्रकरण मंजूर झालं, टार्गेटमध्ये एक भर पडली.

त्यानं भंगारवाल्याकडनं जुना कॉम्प्रेसर आणला. टाकीला झकास निळा रंग मारलेला होता. दुसऱ्या पावसाळ्यात ती टाकी खालच्या बाजूनं फुटली. छपराचे पत्रे उडाले. पोरगा वाचला, पण एका कानाचं ऐकू येणं गेलं आणि डावा पाय कायमचा अधू झाला.

मी बघायला गेलो होतो. टाकीचा पत्रा वरनं जाड होता, पण तळाला वहीच्या पुठ्ठ्यासारखा झालेला. आतनं गंजून गंजून खाल्लेला. तळाचं पाणी काढायचा कॉक रंगाखाली बुजून गेला होता. कुणी तो कधी उघडलाच नव्हता.

त्या पोरानं कर्जाचा शेवटचा हप्तासुद्धा चुकवला नाही. बँकेत आला की मला बघून उठून उभा राहायचा, त्या अधू पायावर. मला ते बघवायचं नाही. कागदावर माझी चूक कुठंच नव्हती. पण लाल रेघ माझी होती.

म्हणून नातवाला नको म्हटलं. उद्यमबागमधली ती टाकी चांगली असेलही. पण ते बाहेरनं बघून मला सांगता येणार नाही, त्यालाही नाही आणि विकणाऱ्यालाही नाही.

टाकीत पाणी येतं कुठनं?

हा प्रश्न मलाही पडला होता. आपण टाकीत हवा भरतो, पाणी नाही. पण हवेत वाफ असते. आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात तर भिंतीसुद्धा घाम गाळतात. अशा दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण वीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. कॉम्प्रेसर ती हवा दाबून आठ-नऊ पट लहान करतो. हवा मावते, पण एवढी वाफ मावत नाही. टाकी गार झाली की तिचं पाणी होतं आणि तळाला बसतं.

हिशेब करून बघा. मिनिटाला शंभर लिटर हवा घेणारं छोटं मशीन तासभर चाललं की सहा घनमीटर हवा आत गेली. म्हणजे जुलै महिन्यात एका तासात साधारण अर्धा कप पाणी टाकीत. ते रोज काढलं नाही तर लोखंडाची टाकी आतनं गंजणारच. आणि गंज आत लागतो, रंग बाहेर असतो.

कारखान्यांत अशा दाबाच्या टाक्यांची तपासणी ठराविक काळानं करून घ्यावी लागते, तसे कायदे-नियम आहेत. आपल्या घरच्या गॅरेजात कुणी इन्स्पेक्टर येत नाही. तिथले इन्स्पेक्टर आपणच.

तेव्हा माझं पहिलं आणि ठाम मत असं की जुनी मोटर घ्या, जुनं पंपाचं डोकं घ्या, हरकत नाही. ती बिघडली तर फार तर बंद पडतील. पण टाकी नवीच घ्या, नेमप्लेट असलेली. तिच्यावर बनवल्याचं वर्ष, नंबर, कामाचा दाब आणि चाचणीचा दाब कोरलेला असावा. जुनीच घ्यायची झाली तर पाण्यानं प्रेशर टेस्ट करून घ्या. टाकी पाण्यानं पूर्ण भरून कामाच्या दीडपट दाब देतात. आठ किलोची टाकी असेल तर बारा किलो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं टाकी फुटली तरी नुसती गळते. हवा भरून टेस्ट करणारा भेटला तर तिथनं लांब उभे राहा. आणि जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर गॅसच्या सिलिंडरला जोडून केलेला घरगुती जुगाड दाखवणारे व्हिडिओ पोरं बघतात. त्या वाटेला जाऊ देऊ नका.

मग स्वस्तात कसं बसवायचं?

माझं म्हणणं असं आहे की काटकसर कामात करा, टाकीत नको. म्हणजे काय, ते सांगतो.

दुकानात गेलं की पहिलं वाक्य कानावर पडतं, "सर, दोन एचपी आहे, पन्नास लिटर आहे." हे दोन्ही आकडे खरे असतात आणि दोन्हीचा तसा उपयोग नसतो. मी कॉमर्सचा माणूस, मला ते असं समजलं.

टाकी म्हणजे बँकेतली शिल्लक. पंप मिनिटाला जी हवा देतो तो पगार. आणि हातातलं हत्यार म्हणजे घरखर्च. खर्च पगारापेक्षा जास्त असेल तर शिल्लक मोठी असून काय उपयोग? चार दिवस उशिरा संपेल, एवढंच. आणि एचपी म्हणजे लेटरहेडवरचं भागभांडवल. बघायला भारदस्त, पण त्यावरनं महिन्याची आवक कळत नाही.

आता आकडे घालून बघू. रंगाची मोठी गन मिनिटाला दहा सीएफएम हवा खाते. सीएफएम म्हणजे मिनिटाला इतके घनफूट, एक घनफूट म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर. म्हणजे साधारण २८० लिटर खर्च. छोट्या मशीनचा खरा पगार धरा ११० लिटर. दर मिनिटाला १७० लिटरची तूट. पन्नास लिटरच्या टाकीत दाब आठ किलोवरनं चारवर येईपर्यंत किती हवा मिळते? पन्नास गुणिले चार, दोनशे लिटर. दोनशेला १७० नं भागा. सत्तर सेकंदांत शिल्लक संपली! पंचवीस लिटरची टाकी असेल तर पस्तीस सेकंद. चेतकचं एक साइड पॅनल रंगवून व्हायच्या आत गन धापा टाकायला लागणार आणि रंगाचे ठिपके उडणार.

मग लोक म्हणतात, मशीन फालतू निघालं. मशीन फालतू नव्हतं हो, बजेट चुकलं होतं.

म्हणून आम्ही आजोबा-नातवानं वहीत तीन रकाने केले. काम कुठलं, हवा किती लागते, वर्षातनं किती वेळा लागतं.

टायरमध्ये हवा: अगदी थोडी. खरं तर एवढ्यासाठी कॉम्प्रेसर घेऊच नका, गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारा छोटा इन्फ्लेटर पुरतो.

धूळ झाडणं: तीन ते पाच सीएफएम, पण मधूनमधून.

लाकडात बारीक खिळे मारायची गन: नगण्य. घरच्या कामाला अर्धा सीएफएमसुद्धा होत नाही.

नटबोल्ट खोलायची इम्पॅक्ट गन: चार-पाच सीएफएम, पण दोन-चार सेकंदांचा खेळ, टाकी भागवते.

रंगाची छोटी टच-अप गन: तीन-चार सीएफएम. मोठी गन: आठ ते बारा.

पॉलिश पेपरचं हवेवरचं सँडर: आठ-दहाच्या पुढं, तेही सलग अर्धा-अर्धा तास.

वही बघितली आणि चित्र स्वच्छ झालं. फक्त दोन हत्यारं अशी होती की ज्यांच्यासाठी मोठं मशीन लागणार होतं, मोठी गन आणि सँडर. बाकी सगळं छोट्या मशीनवर होणार होतं. त्या दोन कामांपायी तीस हजार जास्त घालायचे, की ती दोन कामं वेगळ्या रीतीनं करायची?

सँडर आम्ही विजेवरचं घेतलं. हवेवरच्या हत्याराचा हिशेब फार महाग पडतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. हवा दाबताना बरीचशी वीज नुसती उष्णता होऊन जाते. दहा भाग वीज घातली तर हातात एक-दीड भाग काम पडतं. विजेवरचं सँडर दोन-तीनशे वॉटमध्ये जे काम करतं, त्याला हवेच्या मार्गानं दोन-तीन एचपीचं मशीन सतत चालवावं लागतं. बँकेच्या भाषेत कमिशन फार जातं.

मोठ्या गनच्या ऐवजी छोटी गन. चेतक एका दमात रंगवायची नाही. आज मडगार्ड, उद्या हँडलचा भाग, परवा साइड पॅनल. आम्हाला काय डिलिव्हरीची घाई आहे?

घड्याळ घेऊन दुकानात जा

आता खरा पगार कसा ओळखायचा? पाटीवर लिटर-प्रतिमिनिट असा जो मोठा आकडा असतो, तो पुष्कळदा पंपाच्या आकारावरनं काढलेला कागदी आकडा असतो. दाबाखाली बाहेर पडणारी हवा त्याहून बरीच कमी भरते. विचारताना 'फ्री एअर डिलिव्हरी किती, आणि किती प्रेशरला?' असं विचारा. उत्तर आलं नाही तर स्वतः मोजा. फार सोपं आहे.

मशीन चालू करायला सांगा. काटा चार किलोवर आला की घड्याळ लावा, सहावर आला की थांबवा. टाकीचे लिटर गुणिले दोन, भागिले लागलेली मिनिटं. झाला खरा पगार. काट्यावर पीएसआयचे आकडे असतील तर एक किलोला सव्वाचौदा धरा.

आम्ही गेलो त्या हार्डवेअरच्या दुकानात दोन एचपी, पन्नास लिटरचं मशीन होतं. पाटीवर दोनशेच्या वर लिटर. मी मोबाइलवर घड्याळ लावलं. चोपन्न सेकंद! म्हणजे शंभर लिटर भागिले पॉइंट नऊ, १११ लिटर. चार सीएफएमच्या जरा खाली. मालक हसायला लागला. "साहेब, इतकी वर्षं दुकान चालवतोय, घड्याळ लावून बघणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं." मी म्हटलं, "अहो, बॅलन्स शीट बघितल्याशिवाय आम्ही कुणाला काही देत नाही."

आमच्याबरोबर उद्यमबागमधले एक रिटायर फिटर मामा होते. माझे जुने कर्जदार, आता स्नेही. त्यांनी आणखी चार गोष्टी बघायला लावल्या, त्या तुम्हालाही सांगतो.

एक, सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून बघायची. हवा फस्सकन सुटली पाहिजे. अडकलेला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे नसल्यात जमा.

दोन, काटा वरच्या दाबावर गेला की मोटर आपोआप बंद व्हायला पाहिजे, आणि हवा वापरल्यावर परत सुरू. हे दोनदा करून बघायचं.

तीन, मोटर बंद झाल्यावर पाच मिनिटं थांबायचं. काटा खाली सरकत असेल तर कुठंतरी गळती आहे.

चार, तळाचा कॉक सहज हात जाईल असा पाहिजे. वाकून, आडवं पडून उघडावा लागला तर माणूस रोज उघडत नाही. सत्तरीच्या माणसाला तर हे आधी बघायला पाहिजे.

तेलाचं घ्यावं की बिनतेलाचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. बिनतेलाच्यात रोजची निगा कमी, तेलाची पातळी बघायची कटकट नाही. पण आतल्या रिंगा झिजतात आणि स्वस्तातली मशीनं फार कर्कश ओरडतात. तेलाच्याला निगा लागते, पण वापर नेटका असेल तर जास्त टिकतं. मात्र त्याच्या हवेतनं तेलाचा अंश येतो, आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग पडतात. म्हणून गनच्या आधी पाणी-तेल अडवणारा फिल्टर लावायचाच. आम्ही तेलाचं घेतलं.

पट्ट्याचं की थेट मोटरचं? पट्ट्याच्या मशीनचा पंप सावकाश फिरतो, कमी तापतो, वर्षानुवर्षं चालतो. थेट मोटरचं २८०० फेऱ्यांनी पळतं, आवाज जास्त, आणि दमतंही लवकर. दहा मिनिटं चालवलं तर दहा मिनिटं थांबवावं, हा हिशेब ठेवा. ज्याला रोज चार तास काम करून पैसे मिळवायचे आहेत त्यानं कर्ज काढून पट्ट्याचंच घ्यावं, असं मी आजही सांगीन. पण आठवड्यातनं दोन दिवस, तासभर वापरणाऱ्या आमच्यासारख्यांना थेट मोटरचं पुरतं. आम्ही तेच घेतलं.

लपलेले खर्च

मशीनला बारा हजारांच्या आतबाहेर गेले. पण मी आधीच वहीत 'इतर' असा रकाना ठेवला होता. चांगला पाइप, दाब कमी-जास्त करायचा रेग्युलेटर, फिल्टर, झटक्यात जोडायचे कपलर, छोटी गन, तोंडाला रंगाचा मास्क, कानाला गार्ड. हे सगळं मिळून आणखी चारेक हजार. नुसतं मशीन आणून घरी बसलं की हे खर्च एकेक करून निघतात आणि मग माणूस मास्कवर काटकसर करतो. तेही नको. रंगाचा फवारा फुप्फुसात गेलेला कुठल्याही बिलात दिसत नाही.

विजेचं आधी बघून घ्या. आमचं घर जुनं, वायरिंग जुनं. दोन एचपीची मोटर चालताना आठ-दहा अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. साध्या पाच अँपिअरच्या प्लगवर आणि लांबलचक बारीक एक्स्टेंशनवर लावली तर वायर तापते, मोटरला पुरेसा दाब मिळत नाही आणि ती जळते. सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट, अर्थिंगसकट, आधी करून घ्या. लांब जायचं असेल तर विजेची वायर वाढवू नका, हवेचा पाइप वाढवा.

आणि एक गोष्ट घरातल्या पोरांना दरडावून सांगा. हवेचा पाइप थट्टेतसुद्धा कुणाच्या अंगावर धरायचा नाही. असल्या थट्टेत जीव गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. कपड्यावरची धूळसुद्धा त्या हवेनं झाडायची नाही.

शेवटी

काही जण म्हणतील, काका, एवढ्याशा हौसेसाठी केवढा हा हिशेब! खरं आहे. पण आपल्या लोकांची एक सवय मी बँकेत खूप बघितली आणि माझ्यातही होती. आपण दिसणाऱ्या आकड्यावर भाव करतो, न दिसणाऱ्या जागी पैसे वाचवतो. घर बांधताना हॉलला मार्बल, पण गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला 'बघू नंतर'. लग्नात शेवटच्या पंगतीपर्यंत चार प्रकार, पण मुलीच्या नावावर पॉलिसी नाही. कॉम्प्रेसरमध्येही तेच, एचपी मोठा आणि टाकी भंगारातली. स्वस्त घ्यावं, जरूर घ्यावं. पेन्शनीत आम्हीही स्वस्तच घेतलं. पण स्वस्त करायचं तर अपेक्षा कमी करून करावं. सुरक्षितपणा कमी करून केलेलं स्वस्त नसतं, त्याचं बिल दुसऱ्याच कुणाच्या नावावर फाटतं.

तो पोरगा आता साठीचा असेल. हायवे रुंद झाला तेव्हा ती दुकानं उठली, पुढं त्याचा पत्ता लागला नाही.

आमच्या गॅरेजात आता संध्याकाळी काम आवरलं की नातू मशीन बंद करतो, हवा सोडतो, आणि तळाचा कॉक उघडतो. खाली एक जुनं वरणाचं भांडं ठेवलंय, त्यात गढूळ पाणी पडतं. पहिल्या दिवशी ते बघून ही म्हणाली, "अगं बाई, एवढं पाणी हवेतनं?" तेव्हापासून भोंगा म्हणणं तिनं थोडं कमी केलंय. रात्री जेवताना तीच विचारते, "पाणी काढलंत का रे?"

आपल्यापैकी कुणाच्या गॅरेजात, दुकानात, शेतावर, जुना कॉम्प्रेसर असेल तर एक काम करा. मोटर बंद करून, दाब उतरवून, तळाचा कॉक हळूच उघडून बघा. नुसतं पाणी आलं तर रोज काढायची सवय लावा. लालभडक गंजाचं पाणी आलं, किंवा कॉक उघडलाच नाही, तर ती टाकी तपासून घेतल्याशिवाय परत हवा भरू नका. नवी टाकी महाग वाटली तर मला फोन करा, हिशेब मी मांडून देतो.

चूकभूल द्यावी घ्यावी.